दुसऱ्या बुटाचा कागद

माझ्या तोंडाला कुलूप नाही असं आमच्या वाडीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. पण एक गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवलीय, आणि ती ठेवताना माझे काय हाल झालेत ते माझं मला ठाऊक. आता आत्मारामशेट गेले, त्यांचा मचवा मोडीत निघाला, तेव्हा सांगायला हरकत नाही.

साल तीस-एकतीस असेल. आमची वाडी रत्नागिरीच्या खाडीच्या तोंडाशी. मोठं घर एकच, आत्मारामशेटचं. त्यांचा शिडाचा मचवा कौलं, नारळ, आंब्याच्या दिवसांत आंबे घेऊन मुंबईला जायचा. वर सात खलाशी आणि त्या सातांवर तांडेल. मचवा न्यायचा कसा, आणायचा कसा, सगळं तांडेलाच्या हाती. शिवातात्या अठरा वर्षं तांडेल होते. त्या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते म्हणाले, आता माझ्याच्यानं होणार नाही. म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर मचवा पाण्यात लोटायचा तर नवा तांडेल हवा.

तो आमच्या ह्यांनी व्हावं असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, मी देवीला नवस बोलले होते. ह्यांचं नाव मी घेत नाही, लोक गंगाराम म्हणायचे. बारा वर्षं ह्यांनी त्या मचव्याचं शीड ओढलं. यंदा तांडेलकी मिळाली नाही तर मुंबईला गोदीत कामाला जायचं, असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं. माझ्या भावानं तिकडून निरोपही धाडला, खोलीत एका वळकटीची जागा आहे म्हणून. वळकटीची! म्हणजे हे तिकडे, मी इकडे, आणि वर्षाकाठी शिमग्याला तोंड बघायचं. माझ्या भावजयीचं तेच चाललं होतं, तिशीतच म्हातारी दिसायला लागली होती बिचारी. मला ते नको होतं. स्वच्छ सांगते, मला माझा नवरा घरात हवा होता.

दुसरा उमेदवार महिपत. हा मेला सहा महिने कुठल्याशा आगबोटीवर कोळसा ओढून आलेला, पण चालायचा असा की कप्तानानं याला विचारल्याशिवाय आगबोट हलत नव्हती. बोलायचा कमी, बघायचा आभाळाकडे. कुणी काही विचारलं की डोळे बारीक करून 'हं' म्हणायचा. त्या एका 'हं'वर लोक खूश. काय डोकं आहे म्हणायचे.

आणि आमचे हे? ह्यांना काही विचारलं तर 'माहीत नाही बुवा, विचारून सांगतो' म्हणणार. आणि खरंच विचारणार! पावसाळा संपला की खाडीच्या तोंडातली वाळू दरसाल जागा बदलते. ओहोटीला आम्ही बायका तिथं तिसऱ्या वेचायला जातो, गुडघाभर पाण्यात पायानं शिंपल्या चाचपत. तर हे किनाऱ्यावर यायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, "काय गो, यंदा तिसऱ्या कुठं लागतात? पाणी कमरेच्या वर कुठं जातं?" बायका फिदीफिदी हसायच्या. खलाशी असून बायकांना पाणी विचारतो! शेटच्या कानावर ते गेलंच होतं. "गंगाराम माणूस सरळ आहे," ते म्हणायचे, "पण डोक्यानं बेताचा." मला असा संताप यायचा!

त्यातच श्रावण लागला आणि शेटच्या मेव्हण्यानं गिरगावातून बुटांचा जोड धाडला.

शेटना वाचनाचा भारी नाद. मिरच्यांच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकायचे नाहीत, आणि छापलेलं ते खरं हा त्यांचा बाणा. बूट बाजूला राहिले, बुटाला गुंडाळलेला छापील कागद त्यांनी गुडघ्यावर सरळ केला आणि त्यांचे डोळे चमकले. त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना ओटीवर बोलावलं. पुरुष ओटीवर, आम्ही बायका अंगणात. आनंदीवहिनी, म्हणजे शेटची बायको, माजघराच्या दारात वाती वळत बसल्या होत्या.

शेटनी चष्मा चढवून वाचलं. "'बुद्धिमान पुरुषांच्या ठायी पुढील लक्षणे हटकून आढळतात. एक, वारंवार विस्मरण. दोन, वेषाविषयी बेफिकिरी. तीन, स्वतःशीच पुटपुटणे. चार, अन्नावरून वासना उडणे. पाच, निद्रानाश.'" कागद तिथंच फाटला होता. पण शेटना तेवढा पुरे झाला. ते म्हणाले, "तांडेल म्हणजे मचव्याचं डोकं. मी आजवर अंगमेहनत बघून माणसं घेतली, चुकलं माझं. आता ज्याच्या ठायी ही लक्षणं दिसतील तो तांडेल."

शिवातात्या भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "शेट, मी अठरा वर्षं पोटभर जेवलो आणि वल्ही कधी विसरलो नाही."

"म्हणूनच म्हणतो ना तात्या," शेट म्हणाले, "मचवा तरला तो देवाच्या कृपेनं."

आनंदीवहिनी वाती वळत राहिल्या. त्या कधी बोलतच नसत. अंगानं जाड, बसल्या जागी डुलकी काढणारी बाई. काही सांगा, 'असेल बाई' म्हणणार. बाप खेडला शाळामास्तर होता म्हणे, पण त्याची विद्या काही मुलीत उतरली नाही, असं मी वाडीभर सांगत असे. मन मोकळं करायला मात्र बरी. रोज दुपारी मी मासळी घेऊन जायचे आणि तासभर बडबडून यायचे. त्या ऐकत होत्या की पेंगत होत्या, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत शेटच्या दारात हजर. एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी. शेटनी विचारलं तर खाली बघून म्हणतो कसा, "हं! एकच घातली वाटतं." तिसऱ्या दिवशी छत्री विसरला, चौथ्या दिवशी छत्री न्यायला आला ती परत विसरून गेला. आठवड्यानं तर त्यानं कहर केला, शेटसमोर स्वतःच्या बायकोचं नाव आठवेना म्हणून कपाळावर बोट ठेवून उभा राहिला. ओठ सारखे हलत असायचे. जेवण नको म्हणायचा आणि मागच्या दारानं बहिणीकडे जाऊन भाकऱ्या हाणायचा, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. शेट मात्र भारावून गेले होते. "बघा, पाचातली चार लक्षणं झाली," म्हणायचे.

मग मीही पदर खोचला. म्हटलं, अहो, एवढं नाटक त्या टोणग्याला जमतं आणि तुम्हाला जमू नये? मी ह्यांच्या हाती छत्री दिली आणि बजावलं, शेटच्या ओटीवर विसरून या. हे गेले, छत्री ठेवली, परत निघाले आणि अर्ध्या वाटेवरून उलटे फिरून ती घेऊन आले. मला म्हणाले, "अगो, ओटीवर कुणाची तरी छत्री राहिली होती. उचलून बघतो तर आपलीच!" आता काय बोलणार? पुटपुटायला सांगितलं तर दोन मिनिटांत पुटपुटण्याचं भजन झालं आणि खड्या आवाजात गायला लागले. जेवण टाकायला सांगितलं त्या दिवशी नेमकी कालवं आणली होती मीच, तेव्हा तो दोष माझा. आणि झोपेचं तर नावच नको. पाठ टेकायचा अवकाश, घोरायला सुरुवात.

"गोदू," हे मला म्हणाले, "मला ते जमणार नाही. मी विसरत नाही तर विसरलो कसं म्हणू?"

"मग जा मुंबईला!" मी म्हटलं.

नारळी पौर्णिमा झाली. शेटनी सांगून टाकलं की परवा भरतीला मचवा बाहेर काढायचा, आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन परत आणायचा, आणि सुकाणू महिपतच्या हाती. नीट परत आणला की तांडेलकी त्याची. आमचे हे त्याच्या हाताखाली नेहमीसारखे शीड ओढायला. ते ऐकून हे घरी आले आणि शांतपणे ट्रंक काढून पुसायला बसले.

ती ट्रंक बघून माझं डोकं फिरलं. मचवा निघायच्या आदल्या दिवशी जे भांडण सुरू झालं ते उजाडेपर्यंत संपलं नाही. मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. ह्यांना मी एक डुलकी घेऊ दिली नाही. सकाळी पेज वाढली ती ह्यांनी ढकलली, म्हणाले भूक मेली. मी बंडी ह्यांच्या अंगावर फेकली, ती जशी हातात आली तशी ह्यांनी घातली आणि निघाले. तंबाखूची चंची कोनाड्यातच राहिली. बारा वर्षांत ती ह्यांनी कधी घरी ठेवली नव्हती.

मग मला रडू आलं. चंची घेऊन मी किनाऱ्याकडे धावले तर मचवा लोटलाही होता. शेट नवे बूट घालून मचव्यावर उभे. सगळी वाडी वाळूवर जमलेली. आनंदीवहिनी एका ओंडक्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं ओकले. झोपले नाहीत, जेवले नाहीत, चंची विसरले, बंडी उलटी घातली ती माझ्यामुळे, आणि आता महिपतच तांडेल होणार, मी माझ्या हातानं माझं वाटोळं केलं. वहिनी म्हणाल्या, "असेल बाई." मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

महिपतनं भरती गाठायची सोडून कुणाकुणाची पूजा, कुणाकुणाचे नारळ यात वेळ घालवला होता. पाणी उतरायला लागलं तेव्हा मचवा खाडीच्या तोंडाशी आला. आम्ही बायकांनी तिथंच चार दिवसांपूर्वी टोपल्या भरून तिसऱ्या वेचल्या होत्या. गेल्या साली वाळू उत्तरेला होती, यंदा ती दक्षिणेला आली होती. ह्यांनी ते आम्हाला विचारून ठेवलं होतंच. मचव्याच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून हे ओरडत होते, "महिपत, उजवीकडे घे! वाळू सरकलीय!" ते किनाऱ्यावर आम्हाला ऐकू आलं. महिपतला ऐकू आलं नाही. तो आभाळाकडे बघत ओठ हलवत होता.

मचवा एकदम थांबला. शेट होते तसे पुढे गेले आणि डोलकाठीला मिठी मारून राहिले.

वाळूवर गलका झाला. पाणी उतरत होतं, आणखी अर्ध्या तासानं मचवा कुशीवर पडला असता आणि त्याच्या फळ्या उकलल्या असत्या. महिपत सुकाणू धरून उभाच. खलाशांनी विचारलं काय करायचं, तर म्हणतो, "हं." इतक्यात हे हातात बांबू घेऊन पाण्यात उतरले, छातीभर पाण्यात. बांबू टोचत मचव्याभोवती फिरायला लागले, तोंडानं मोजणी चालू, "दोन हात, अडीच, दोन, तीन..." आणि मध्येच किनाऱ्याकडे तोंड करून सगळ्या वाडीसमोर मला हाक मारली, "गोदू गोऽ! खोल कुठं?"

मी उठून उभी राहिले आणि हात वर करून ओरडले, "तिरक्या माडासमोर! तिकडे गळ्याइतकं आहे!"

ह्यांनी नांगर मचव्यामागं बांधलेल्या लहान होडीत घातला, तिरक्या माडासमोर नेऊन टाकला, आणि मचव्यावरच्या सगळ्यांना एका कडेला उभं करून त्याचा दोर ओढायला लावलं. शेटनाही लावलं. तीन वेळा ओढलं, काही नाही. चौथ्या वेळी लाट आली, मचवा घसरला आणि खोल पाण्यात गेला. ह्यांनी सुकाणू घेतलं आणि मचवा सुखरूप किनाऱ्याला आणला. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही.

आता कुणालाही वाटेल की झालं, मिळाली तांडेलकी. छे! शेट खाली उतरले, बुटांतलं पाणी ओतलं आणि म्हणाले, "शाबास गंगाराम. अंगात रग आहे तुझ्या. पण ही झाली अंगमेहनत. बायकोला विचारून मचवा हाकणारा तांडेल मी कधी ऐकला नाही. महिपतचं डोकं आज कुठल्या तरी मोठ्या विचारात होतं, असं होतं बुद्धिमान माणसाचं." महिपतनं मान खाली घातली, म्हणजे नम्रपणे. मला वाटलं, आता मी दगड उचलणार.

तेवढ्यात आनंदीवहिनी ओंडक्यावरून उठल्या. जांभई देत आल्या आणि ह्यांच्याकडे बघत राहिल्या. "काय रे गंगाराम," आपल्या त्या संथ आवाजात म्हणाल्या, "बंडी उलटी का घातलीस?"

ह्यांनी खाली पाहिलं. "उलटी आहे का? लक्षात नाही आलं वहिनी."

"आणि डोळे लाल का?"

"रात्री झोप नाही लागली."

"जेवलास तरी का?"

"भूक नव्हती."

मला इतका राग आला! भर वाडीत माझ्या घरचं भांडण ही बया उकरत होती. मी ह्यांच्यापुढे चंची धरली आणि तणतणले, "घ्या, ही विसरला होता!"

"आणि पाण्यात एकटाच काय बोलत होतास रे मघाशी?" वहिनी म्हणाल्या. मग शेटकडे वळून, "अहो, ह्याला बरं नाही वाटतं. वैद्याकडे धाडा."

शेटनी खिशातून तो कागद काढला. भिजला होता, पण अक्षरं दिसत होती. बोट ठेवून ठेवून वाचलं. विस्मरण, चंची. वेष, बंडी. पुटपुटणे, अन्न, निद्रा. पाचही! महिपत मात्र रात्रभर झोपून ताजातवाना, ते कुणाच्याही नजरेत येण्यासारखं होतं. शेटनी त्याच्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "अरे गंगाराम," त्यांचा आवाज भरून आला, "इतकी वर्षं तू हे लपवून ठेवलंस?"

आणि आमचे हे तांडेल झाले.

तुम्हाला वाटेल मी नाचले. नाचलेही मी, पण मनात कुठं तरी ठुसठुसत होतं. माझ्या नवऱ्यानं मचवा वाचवला तो डोक्यानं. विचारून ठेवलं होतं म्हणून वाचवला. आणि त्याची हुशारी ठरली ती माझ्या भांडणामुळे उलट्या झालेल्या बंडीवर! हे मला गिळवत नव्हतं. दुपारी पेढे कुठले, वहिनींनी तोंड गोड करायला साखरेची पुडी दिली. घरी येऊन मी ती डब्यात ओतली आणि कागदाकडे बघितलं. शाळेत मी दोन वर्षं गेलेली, अक्षराला अक्षर लावून वाचता येतं. वरची कड फाटलेली होती आणि खाली बाटलीचं चित्र.

"'...ही लक्षणे दिसू लागताच मेंदू शिणला असे समजावे. हयगय केल्यास भ्रम, चक्कर व अंती वेड लागण्याचा संभव. यास्तव आमचे मस्तकविलास तेल रोज दोन वेळा टाळूवर चोळावे. बाटली लहान, मोठी.'"

तीनदा वाचलं. मग डोक्यात प्रकाश पडला. बूट दोन, कागद एक! दुकानदारानं एकच कागद फाडून अर्धा अर्धा गुंडाळला होता. पहिल्या बुटाचा अर्धा शेटच्या खिशात, दुसऱ्या बुटाचा माझ्या हातात.

मी तशीच धावत सुटले. शेटच्या तोंडावर फेकणार होते मी तो कागद. म्हणणार होते, घ्या तुमची लक्षणं, आणि माझ्या नवऱ्याला तांडेल करायचं तर त्याच्या अकलेसाठी करा. मागच्या दारानं गेले तर पडवीत वहिनी नारळ खवत बसलेल्या.

"वाचलंस वाटतं," त्या म्हणाल्या. मान वरही केली नाही.

माझे पाय थबकले. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"बूट मीच सोडले ना त्या दिवशी."

"मग शेटना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं." वहिनींनी वाटी पालथी करून खोबरं काढलं. "मग मी म्हटलं, राहू दे. त्यांना लक्षणंच बघायची आहेत तर योग्य माणसाच्या अंगावर बघू देत. पण तुझ्या नवऱ्याला एकही येईना. मी वाट बघत होते. बरं झालं तू भांडलीस."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! महिपतच्या 'हं'ला भुललेल्या लोकांना मी नावं ठेवत होते, ह्यांना बेताचे म्हणणाऱ्या शेटना शिव्या देत होते, आणि इतकी वर्षं या बाईसमोर बसून मी काय समजत आले होते? माझं तोंड लाजेनं तापलं.

"वहिनी," मी म्हटलं, "मी तुमच्याबद्दल लोकांत काय बोलते, ते..."

"मंद म्हणतेस."

"मग मला एका शब्दानं बोलला नाहीत कधी?"

"कशाला? मंद बाईसमोर माणसं सगळं बोलतात गो," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा नारळ खवायला लागल्या. मग सावकाश पुढं म्हणाल्या, "तो कागद चुलीत घाल. आणि त्या तेलाची एक बाटली मागवलीय मी, महिपतच्या बायकोला नेऊन दे. त्याला आता खरंच झोप लागणार नाही."

मी कागद चुलीत घातला. बाटलीही नेऊन दिली. आणि दुसऱ्या दिवसापासून मासळी घेऊन गेले की वहिनींसमोर गप्प बसायचं ठरवलं. तीन दिवस जमलं.